टोरोंटोच्या उघड्या रिंकवर पहिल्यांदा जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की टोरोंटो आणि आसपासच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर बर्फावरच्या स्केटिंगचे प्रश्न सुरू होतात. दरवर्षी माणसं नवी, प्रश्न तेच. म्हणून सगळी उत्तरं एकदा एका जागी लिहून ठेवली आहेत. बरीचशी नेथन फिलिप्स चौकातल्या रिंकला धरून आहेत, कारण नवा माणूस पहिल्यांदा तिथेच जायचं म्हणतो. नेमक्या वेळा आणि भाड्याचे दर हंगामागणिक बदलतात, ते इथे दिलेले नाहीत. निघण्याआधी महापालिकेच्या संकेतस्थळावर बघा, नाहीतर ३११ ला, म्हणजे महापालिकेच्या माहिती क्रमांकावर, फोन लावा.

१. आत जायला तिकीट किती?

काही नाही. महापालिकेच्या उघड्यावरच्या रिंकवर फेऱ्या मारायला पैसे लागत नाहीत आणि नावही नोंदवावं लागत नाही. तुम्ही पीआर (कायमचे रहिवासी) आहात, स्टुडंट आहात की चार दिवस फिरायला आला आहात, हे कुणी विचारत नाही. स्वतःचे स्केट्स असतील तर खर्च फक्त टीटीसीच्या, म्हणजे शहराच्या बस-सबवेच्या, भाड्याचा. नसतील तर प्रश्न ६ बघा.

२. हंगाम कधी सुरू होतो आणि कधी संपतो?

साधारण नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी रिंक उघडायला लागतात आणि मार्चच्या मध्यापर्यंत चालतात. शहरात अशा पन्नासहून जास्त रिंक आहेत, पण सगळ्या एकाच दिवशी उघडत नाहीत आणि एकाच दिवशी बंदही होत नाहीत. फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये जायचं असेल तर आपली रिंक अजून चालू आहे ना, एवढं आधी बघून घ्या. डिसेंबरात उघडी होती म्हणजे आजही असेल, असं धरून चालू नका.

३. नेथन फिलिप्स चौक म्हणजे ती मोठी ‘टोरोंटो’ अक्षरं आहेत तोच ना?

तोच. सिटी हॉलच्या दोन वाकड्या, समोरासमोर उभ्या मनोऱ्यांपुढचा चौक. उन्हाळ्यात तिथे पाण्याचा उथळ हौद असतो, त्याचीच हिवाळ्यात रिंक होते. चौकाला नाव आहे १९५५ ते १९६२ या काळातले महापौर नेथन फिलिप्स यांचं. ते शहराचे पहिले ज्यू महापौर. सिटी हॉलचा आराखडा फिनलंडचे वास्तुरचनाकार व्हिल्यो रेव्हेल यांचा. इमारतीचं उद्घाटन सप्टेंबर १९६५ मध्ये झालं, ते बघायला रेव्हेल उरले नाहीत. ते नोव्हेंबर १९६४ मध्ये वारले, आणि त्याच महिन्यात ही रिंक सुरू झाली. म्हणजे लोक सिटी हॉलमध्ये कामं घेऊन जायला लागले त्याच्या आधीपासून त्याच्या दारात घसरतायत.

अक्षरं मात्र अलीकडची. २०१५ च्या पॅन अमेरिकन खेळांसाठी ती तात्पुरती बसवली होती. लोकांना इतकी आवडली की ती तिथेच राहिली आणि २०२० मध्ये त्यांच्या जागी नवी, जास्त टिकाऊ अक्षरं आली. रिंकवरून ज्या काँक्रीटच्या कमानी जातात त्यांतल्या एकीच्या पायथ्याशी बर्लिनच्या भिंतीचा एक तुकडा आहे. फोटोच्या नादात बहुतेकांना तो दिसतच नाही.

४. तिथे पोचायचं कसं? गाडी नेली तर चालेल?

सबवेच्या लाइन १ वर क्वीन किंवा ऑसगूड स्टेशनला उतरा, दोन्हीकडून चालत काही मिनिटांत चौक येतो. ब्रॅम्प्टन, मिसिसागाहून येणाऱ्यांनी गो ट्रेनने युनियनला यावं आणि वर रस्त्यावर न जाता जमिनीखालच्या ‘पाथ’ने चालत यावं, तो थेट सिटी हॉलपर्यंत जातो. पहिल्या वेळी त्यात हरवायला होतं, पण निदान गारठायला होत नाही. गाडी नेलीच तर चौकाच्या खालीच मोठं पार्किंग आहे. डिसेंबरातल्या शनिवारी संध्याकाळी मात्र गाडी घरीच बरी.

५. मग शिकायलाही तिथेच जाऊ का?

माझं मत विचाराल तर नाही. तिथे फोटो काढा, दिवे बघा, एक चक्कर मारा. शिकायला आपल्या भागातल्या रिंकवर जा. नेथन फिलिप्सला गर्दी असते, पर्यटक मध्येच थांबून सेल्फी काढतात, आणि हॉकीच्या रिंकला असतात तसे उंच कठडे तिथे नाहीत. नवशिक्याला कठड्याचा आधार लागतो. वस्तीतल्या रिंकला तो असतो, दुपारी माणसं मोजकी असतात, आणि आपण पडलो तर बघायला फारसं कुणी नसतं. नॉर्थ यॉर्कला मेल लास्टमन चौक आहे, स्कार्बरोला आल्बर्ट कॅम्पबेल चौक आहे, मिसिसागाकरांना सेलिब्रेशन चौक आहे. पण या सगळ्या त्या-त्या ठिकाणच्या सिटी हॉलपुढच्या शोभेच्या जागा. त्याहीपेक्षा घराजवळच्या बागेतली साधी रिंक शोधा.

गोल-गोल फिरून कंटाळा यायला लागला, म्हणजे थोडं जमायला लागलं, की दोन जागा जरूर बघा. गार्डिनर एक्सप्रेसवेच्या खाली ‘बेंटवे’ नावाची २२० मीटरची वळणावळणाची बर्फवाट आहे. ती २०१८ च्या जानेवारीत सुरू झाली. दुसरी तशीच वाट इटोबिकोला, तळ्याकाठच्या कर्नल सॅम्युएल स्मिथ पार्कमध्ये आहे. दोन्ही फुकट.

६. स्केट्स भाड्याने मिळतात का?

नेथन फिलिप्सला मिळतात, आणि हेल्मेटही. सोबत ओळखपत्र ठेवा. वस्तीतल्या बहुतेक रिंकवर भाड्याची सोय नसते. प्रश्न ५ चा सल्ला मानायचा तर स्केट्स स्वतःचे हवेत, असा हा पेच आहे.

सुटका सोपी आहे: जुने घ्या. प्ले इट अगेन स्पोर्ट्ससारख्या वापरलेल्या सामानाच्या दुकानांत, थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, फेसबुक मार्केटप्लेसवर चांगले स्केट्स निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. मुलांचे तर नवे घेऊच नका. पुढच्या हिवाळ्यात पाय मावत नाही. मोठ्यांनीही एक हंगाम जुन्यावर काढावा. आवडलं तर नवे घ्या, नाही आवडलं तर तेच मार्केटप्लेसवर परत टाका. घेताना पुढचा प्रश्न आणि प्रश्न २५ वाचून जा.

७. भारतात माझा शूज ८ नंबरचा आहे. इथे कितीचे स्केट्स घेऊ?

भारतातले नंबर बहुतेक ब्रिटिश पद्धतीचे असतात, इथले अमेरिकन. पुरुषांचा भारतातला ८ म्हणजे इथला ९. बायकांना साधारण दोन नंबर वाढवावे लागतात, म्हणजे तिथला ५ इथे ७ होतो. हा झाला बुटाचा नंबर. हॉकी स्केट्स त्याहून एक ते दीड नंबर लहान बसतात, म्हणजे इथला ९ चा बूट घालणाऱ्याला साधारण साडेसात-आठचे. भाड्याच्या खिडकीवर मात्र बुटाचा नंबरच सांगा, पुढचं ते बघतात.

नंबरापेक्षा पायाचं ऐका. उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की मागे सरकली पाहिजेत, आणि टाच जागची हलता कामा नये. “थोडा मोठा घेऊ, जाड मोजे घालू” हा आपल्या घरोघरचा हिशोब इथे चुकतो. सैल बुटात पाय फिरतो, घोटा आत पडतो आणि दोष बर्फाला लागतो.

८. हॉकीचे घेऊ की फिगरचे?

हॉकीच्या स्केटचं पातं दोन्ही टोकांना गोलसर वर गेलेलं असतं आणि समोर दात नसतात. फिगर स्केटचं पातं लांब, जास्त सपाट, आणि पुढच्या टोकाला दातेरी भाग असतो. सपाट पात्यावर उभं राहायला सोपं जातं. पण ते दात उड्या आणि गिरक्यांसाठी असतात. नवशिका त्यांनी ढकलायला जातो आणि तोंडावर आपटतो. मुलगा म्हणून हॉकीचे, मुलगी म्हणून पांढरे फिगरचे असा काही नियम नाही. ज्यात पाय नीट बसतो ते घ्या. दोन्ही बसले तर हॉकीचे, कारण दातांची सवय लागत नाही.

९. पाच मिनिटांत पाऊल ठणकायला लागतं. हे असंच असतं का?

नाही. बहुतेक वेळा नाड्या चुकलेल्या असतात. बोटांपाशी थोड्या सैल, पावलाच्या चढावर आणि घोट्याच्या वळणापाशी करकचून, आणि वर नडगीपाशी गुडघा पुढे वाकवता येईल इतपत, अशा बांधा. बसून टाच जमिनीवर आपटायची, म्हणजे पाय मागे जाऊन बसतो, मग नाड्या ओढायच्या. दोन-तीन फेऱ्यांनंतर त्या सैल पडतात, तेव्हा बाकावर बसून पुन्हा ओढा. कंटाळा करू नका, रोज येणारेही हेच करतात. उरलेली नाडी घोट्याभोवती गुंडाळू नका, रक्त अडतं आणि पाय आणखी गार पडतात. पाऊल बाहेरच्या कडेने ठणकत असेल आणि नाड्या सैल करूनही थांबत नसेल, तर बूट अरुंद आहे. बदलून घ्या.

१०. कपडे कसे घालू? रस्त्यावर घालतो तो पार्का चालेल?

उभं राहून बघणार असाल तर चालेल. स्केटिंग करणार असाल तर दहा मिनिटांत घामाघूम व्हाल आणि मग तोच घाम गार पडेल. आत थर्मल, वर फ्लीस किंवा स्वेटर, त्यावर वारा अडवणारं हलकं जॅकेट पुरतं. जीन्स टाळा, एकदा पडलं की भिजते आणि वाळत नाही. स्नो पँट उत्तम. मोजे एकच जोडी, पातळ, लोकरीचे किंवा सिंथेटिक. हातमोजे मात्र सक्तीचे समजा. ते थंडीसाठी आहेतच, पण हात बर्फावर टेकलेला असताना बाजूने कुणाचं पातं गेलं तर त्यासाठीही आहेत. मफलरची टोकं आत खोचा.

फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. थंडीत बॅटरी बघता बघता उतरते आणि घरी परतताना प्रेस्टो या प्रवासाच्या कार्डचं ॲपही उघडत नाही.

११. संक्रांतीला सगळ्यांनी मिळून काळ्या साड्या नेसून जायचं ठरतंय. चालेल का?

बर्फाबाहेर खुशाल. अक्षरांपुढे फोटो काढा, तिळगूळ वाटा. बर्फावर साडी, घागरा किंवा ओढणी नको. काठ पात्याखाली आला की तुम्ही पडता, आणि तुमच्या मागून येणारा तुमच्यावर. ज्यांना हौस आहे त्यांनी आखूड कुर्ता आणि खाली जाड लेगिंग्ज घालून ती भागवावी. बांगड्या हातमोज्यात मावत नाहीत, त्या घरीच ठेवा.

१२. हेल्मेट सक्तीचं आहे का? सायकलचं चालेल?

सहा वर्षांखालच्या मुलांना महापालिकेच्या नियमाने सीएसए (कॅनडाची मानक संस्था) शिक्क्याचं हॉकी हेल्मेट लागतंच. मोठ्यांवर सक्ती नाही, पण नवशिक्याने घालावं असं सांगतात, आणि मीही सांगेन. नवा माणूस मागे पडतो आणि डोकं आपटतं ते मागूनच. सायकलचं हेल्मेट एका मोठ्या आपटीसाठी बनवलेलं असतं. हॉकीचं पुन्हा पुन्हा लागणाऱ्या माराला टिकतं आणि डोक्याचा मागचा भाग जास्त झाकतं. आत पातळ कानटोपी चालते. जाड माकडटोपी किंवा गोंड्याची टोपी घातली की हेल्मेट डोक्यावर बसत नाही. आणि हेल्मेट जुनं घ्यायचं झालं तर आधी शिक्का आणि मुदत बघा. पैसे वाचवायची ती जागा नाही.

१३. बर्फावर उतरल्यावर पहिल्यांदा करायचं काय?

कठडा धरून नुसते उभे राहा. गुडघे वाकवा, तुम्हाला वाटतं त्याहून जास्त. ताठ पायांनी तोल जातो. हात कमरेच्या उंचीवर थोडे पुढे ठेवा, नजर समोर. पायांकडे बघाल तर डोकं पुढे जातं आणि डोक्यामागून तुम्ही. मग पावलं थोडी बाहेर वळवून बदकासारखी छोटी पावलं टाकत चाला. चार-सहा पावलांनी पातं आपोआप थोडं घसरतं, तेव्हा घसरू द्या. पाय मागे ढकलायचा नसतो, बाजूला ढकलायचा असतो. हे एक कळलं की निम्मं काम झालं.

बाकी लोक ज्या दिशेने फिरतायत त्याच दिशेने फिरा, बहुतेक ठिकाणी घड्याळाच्या उलट. नवखे कडेला, वेगाचे मध्ये. कठडा सोडून एकदम आडवं जायचं झालं तर आधी मागे बघा.

१४. पुढे जायला जमतं, थांबायला जमत नाही. काय करू?

सगळ्यांचं हेच होतं. सोपी युक्ती: दोन्ही पावलांची बोटं आत वळवा, गुडघे वाका, टाचा बाहेर ढकला, पात्याच्या आतल्या कडा बर्फ खरवडतात आणि वेग मरतो. आधी कठडा धरून जागच्या जागी एका पायाने बर्फ खरवडायचा सराव करा, पांढरा चुरा निघायला लागला की बरोबर. तोवर वेगच घेऊ नका. पुढच्या माणसाचं जॅकेट धरणं हा थांबण्याचा प्रकार नाही, दोघंही पडता.

१५. आणि पडलो तर?

पडणारच, तेव्हा नीट पडा. तोल गेला असं वाटलं की आणखी खाली वाका आणि बाजूला, मांडीवर पडा. हनुवटी छातीशी घ्या. हात मागे टेकू नका, मनगट मोडतं ते त्यानेच. पडल्याबरोबर मुठी मिटा आणि लगेच उठा. उठताना चार पायांवर या, एक गुडघा वर घेऊन पाऊल बर्फावर टेकवा, दोन्ही हात त्या गुडघ्यावर दाबा आणि उभे राहा. पडलेल्याला ओढून उठवायला जाऊ नका, विशेषतः नवऱ्याने बायकोला. आजूबाजूला उभे राहून येणाऱ्यांना वाट दाखवा, तेवढी मदत पुरे.

१६. लहानपणी रोलर स्केटिंग केलं आहे. त्याचा उपयोग होईल?

होईल. चार चाकं दोन रांगांत असलेल्या स्केट्सचा थोडा, एका ओळीतल्या चाकांच्या इनलाइनचा खूप. तोल आणि बाजूला ढकलणं तेच आहे. थांबणं मात्र वेगळं, कारण इथे टाचेला ब्रेक नसतो. नेमका तुमच्यासारख्यांनाच लवकर वेग येतो आणि थांबता येत नाही. प्रश्न १४ सोडू नका.

१७. मुलाला कितव्या वर्षी आणू?

तीन-चार वर्षांचं मूल मजेने शिकतं, त्याआधी घोट्यात ताकद नसते. बुटाखाली बांधायची दोन पात्यांची खेळण्यातली स्केट्स मिळतात. त्यांवर उभं राहता येतं, पण घसरणं शिकता येत नाही. मूल कडेवर घेऊन बर्फावर उतरू नका, तुम्ही कितीही पटाईत असलात तरी. पाडणारा दुसराच असतो.

शिकवणी लावायची असेल तर महापालिकेचे वर्ग स्वस्त आणि चांगले आहेत, फक्त जागा मिळवणं हीच परीक्षा आहे. नोंदणी ठरलेल्या दिवशी सकाळी ७ वाजता उघडते आणि लोकप्रिय वर्ग काही मिनिटांत भरतात. आदल्या दिवशी खातं उघडून वर्गाचा कोड लिहून ठेवा.

१८. आई-बाबा सुपर व्हिसावर (आई-वडिलांना लांब मुक्कामासाठी मिळतो तो) आले आहेत, साठीचे आहेत. त्यांना बर्फावर नेऊ का?

त्यांनी आयुष्यात कधी स्केटिंग केलं नसेल तर मी नेणार नाही. साठीनंतर मनगट आणि खुब्याचं हाड मोडायला साधं पडणं पुरतं, आणि बाबा रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर डोक्याला लागलेला छोटा मारही मोठा होतो. गरोदर बायकांनाही हेच, आधी डॉक्टरांना विचारा. आईंना कडेला बसवा, थर्मासमध्ये चहा द्या, नातवंडांचे व्हिडिओ काढायचं काम द्या. तरीही आई म्हणालीच, “मला एकदा जायचंय”, तर दुपारची रिकामी रिंक, हेल्मेट, मनगटाचे गार्ड, एका बाजूला कठडा आणि दुसऱ्या बाजूला सोबती, एवढी तयारी करून न्या. आणि आधी पुढचा प्रश्न वाचा.

१९. हाड मोडलं तर खर्च कोण करतं?

पीआर असाल आणि ओहिप (ओंटारियोचा सरकारी आरोग्य विमा) कार्ड असेल तर दवाखान्यातले उपचार त्यात येतात. नव्याने आलेल्यांना पूर्वी तीन महिने थांबावं लागायचं, ती अट २०२० च्या मार्चमध्ये काढली. विद्यार्थ्यांना ओहिप नसतं; विद्यापीठात शिकणाऱ्यांचा बहुधा यूहिपचा विमा असतो, कॉलेजवाल्यांचा खासगी. त्याचं कार्ड फोनमध्ये ठेवा. फिरायला आलेल्यांना यातलं काहीच लागू नाही. सुपर व्हिसासाठी किमान एक लाख डॉलरचा वैद्यकीय विमा घ्यावाच लागतो, पण त्यात सुरुवातीची किती रक्कम आपण भरायची ते कागदावर बघा. साध्या व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांकडे तर कित्येकदा विमाच नसतो, आणि इथलं एक प्लास्टर भारताच्या विमान तिकिटाइतकं महाग पडू शकतं.

दुखतंय पण हॉस्पिटलला जावं की नाही कळत नसेल तर ८११ वर नर्सशी बोलता येतं. डोकं आपटून उलटी झाली, गोंधळल्यासारखं वाटलं किंवा शुद्ध हरपली तर थेट ९११.

२०. गर्दी कधी कमी असते?

आठवड्याच्या दिवशी सकाळी. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात कधीच नाही.

२१. मध्येच भोंगा वाजतो आणि सगळ्यांना बाहेर काढतात. का?

बर्फ नवा करायला. पात्यांनी बर्फावर चरे पडतात आणि चुरा साठतो. ते मोठं यंत्र, झांबोनी, वरचा पातळ थर तासून काढतं, चुरा पोटात घेतं आणि मागे पाणी सोडत जातं. कॅलिफोर्नियातल्या फ्रँक झांबोनी यांनी ते १९४९ मध्ये बनवलं. पाणी बहुधा गरम सोडतात, कारण ते खालच्या थराला किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होतं. तेवढ्यात नाड्या ओढून घ्या, आणि यंत्र बाहेर गेल्या गेल्या आत जा. नव्या बर्फावर पहिली दहा मिनिटं सगळ्यात सुखाची असतात, अर्थात सगळ्यात निसरडीही.

२२. बाहेर अधिक ६ तापमान आहे. बर्फ असेल का?

बहुधा असेल. या रिंकच्या काँक्रीटमध्ये नळ्या असतात आणि त्यांतून शून्याखाली गार केलेलं खारं पाणी फिरवतात. मिठामुळे ते स्वतः गोठत नाही, पण वरच्या पाण्याला गोठवतं. बर्फ खालून थंड राहतो, म्हणून हवा शून्याच्या वर गेली तरी टिकतो. उबदार हवेपेक्षा त्याला ऊन आणि पाऊस जास्त नडतात. अशा दिवशी वर पाण्याचा थर असतो, बर्फ मऊ लागतो, पडलात तर भिजता. संध्याकाळी ऊन उतरल्यावर तीच रिंक पुन्हा कडक होते. तेव्हा जा.

२३. पाऊस, हिमवर्षाव किंवा कडाक्याची थंडी असेल तर?

पावसात रिंक बंद ठेवतात. जोराचं हिम पडत असेल तरीही, ते उपसेपर्यंत. वरून भुरभुर पडणाऱ्या हिमात मात्र फार मजा येते. थंडीचं म्हणाल तर तापमानाऐवजी विंड चिल बघा. तो उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. त्या दिवशी मुलांना नेऊ नका. बोटं किंवा कान बधिर होऊन पांढरे पडले तर चोळू नका. आत जा आणि हळूहळू ऊब द्या.

२४. वेळापत्रकात ‘शिनी’ लिहिलंय, त्या वेळी गेलं तर चालतं?

शिनी म्हणजे गल्ली क्रिकेटचा इथला भाऊ: नियम थोडे, ओळख नसली तरी खेळायला घेतात, फक्त हातात हॉकी स्टिक. त्या वेळेत नुसतं फिरायला जाऊ नका, पक (खेळायची कडक रबरी चकती) लागतो. आपल्यासाठी ‘लेजर स्केट’ असं लिहिलेली वेळ. त्यात स्टिक आणि पक चालत नाही. कित्येक वस्त्यांत शेजारी-शेजारी दोन रिंक असतात, एक खेळाची, एक फिरण्याची. चुकीच्या फाटकातून शिरलात तर लोक हसून वाट दाखवतात.

२५. ऑनलाइन नवेकोरे स्केट्स मागवले, पण भाड्याच्यापेक्षाही जास्त घसरतात!

त्यांना धारच नाही. नवे स्केट्स बरेचदा धार न लावता येतात, आणि हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. पात्याच्या तळाला मधोमध बारीक खाच हवी आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन कडा हव्यात. त्या कडाच बर्फात रुततात. अंगठ्याचं नख कडेवर आडवं हलकेच ओढा. नखाचा पांढरा भुसा निघाला तर धार आहे. नसेल तर हॉकीच्या सामानाच्या दुकानात लावून मिळते, थोडेच पैसे लागतात. नवशिका आहे असं सांगा, म्हणजे ते खाच फार खोल करत नाहीत.

धार काँक्रीटवर चालल्याने जाते. रिंकभोवती रबराची चटई असते तिथूनच चाला. घरी आल्यावर पातं पुसून कोरडं करा. ओल्या पात्यावर प्लास्टिकचं कव्हर चढवून ठेवलंत तर आठवड्यात गंज चढतो.

२६. हाय पार्कच्या तळ्यावर लोक स्केटिंग करताना दिसले. तिथे जाऊ का?

पहिल्या हिवाळ्यात नको. ग्रेनेडियर तळ्याचा बर्फ नैसर्गिक आहे, खाली नळ्या नाहीत, खाली पाणी आहे. बर्फ सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो; ओहोळ मिळतात तिथे, काठाजवळ आणि वर हिम साचलेलं असेल तिथे तो पातळ राहतो. दुसरे लोक उभे आहेत हा जाडीचा पुरावा नव्हे. ज्यांना बर्फ वाचता येतो अशा जुन्या माणसांबरोबरच जा.

२७. ओटावाचा कालवा कधी बघायचा?

जानेवारीच्या शेवटी ते फेब्रुवारीच्या मध्यात, आणि तोही झेंडा हिरवा, म्हणजे वाट खुली असेल तर. रिडो कालव्यावरची ७.८ किलोमीटरची ही बर्फवाट १९७१ पासून चालते, फुकट आहे, आणि शहराच्या मधून जाते. ती नैसर्गिक बर्फाची असल्यामुळे साधारण ३० सेंटीमीटर जाडी झाल्याशिवाय उघडत नाहीत. २०२२-२३ च्या हिवाळ्यात ती एकही दिवस उघडली नाही, असं पहिल्यांदाच झालं. म्हणून हॉटेल आधी बुक करायचं तर रद्द करता येणारं बघा. आणि आपल्या रिंकवर न थांबता वीस-पंचवीस मिनिटं जमायला लागल्यावरच जा, कारण तिथे अर्ध्या वाटेत पाय दुखले तर परतही स्केट्सवरच यायचं असतं.

२८. भारतात असं उघड्यावर कुठे करता येतं? सुट्टीत मुलांना दाखवायचंय.

शिमल्याला. लक्कड बाजारच्या जवळ, रिजच्या खालच्या अंगाला १९२० पासूनची रिंक आहे आणि तिचा बर्फ पारंपरिक पद्धतीने, पाणी शिंपून रात्रीच्या थंडीत गोठवतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम, सकाळ-संध्याकाळची सत्रं. आकाश निरभ्र असेल तर रात्री जमीन चांगली गार पडते आणि बर्फ धरतो. ढग आले की सत्र रद्द. लेहमध्येही हिवाळ्यात गोठवलेल्या तळ्यांवर स्केटिंग आणि आइस हॉकी चालते, पण तिथे उंची आणि थंडी दोन्ही टोकाची, लहान मुलांना घेऊन एकदम जायची जागा नाही. शिमल्याला जाणार असाल तर मुक्काम किमान दोन रात्रींचा ठेवा आणि सत्र होणार की नाही हे त्याच दिवशी रिंकवर विचारा. इथून स्केट्स नेणार असाल तर चेक-इनच्या बॅगेत टाका, पात्यांवर कव्हर चढवून.